मांजराची साखर : घरी घेतलेला आकडा

मधुमेह म्हणजे काय, हे आपल्या मॉरिशस बेटावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. येथे सुमारे दर पाच प्रौढांमागे एकाला हा आजार आहे. 'दियाबेत' हा शब्द शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असतो, कारण घरात आजी तरी, काका तरी, किंवा शेजारचे तोंतों तरी रोज गोळी घेतात नाहीतर सुई टोचून घेतात. मात्र मांजरालाही मधुमेह होतो, त्याला दिवसातून दोन वेळा इन्सुलिन द्यावे लागते आणि त्याच्या रक्तातली साखर घरी तपासता येते, असे सांगितले की ऐकणारा आधी हसतो. मग विचारतो, "खरंच का?"

खरेच आहे. गेली काही वर्षे आमच्या घरी हे काम रोज चालू आहे. ते आम्ही कसे शिकलो आणि शिकताना काय समजले, हे सांगावे असे वाटले. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना याचा थेट उपयोग होईल. ज्यांच्या घरी मांजर नाही, पण मधुमेह आहे, त्यांनाही थोडा होईल अशी आशा आहे.

मुंग्यांनी दिलेली खबर

आमच्या बोक्याचे नाव मन्या. शेजारी त्याला फ्रेंच रिवाजाप्रमाणे 'मिनू' म्हणतात आणि तो दोन्ही नावांना सारखेच दुर्लक्षितो. खच्ची केलेला, अंगाने भारी, व्हरांड्यात दिवसभर पडून राहणारा असा हा बोका २०२३ साली नऊ वर्षांचा झाला. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तो फार पाणी पिऊ लागला. भांडे भरून ठेवावे तर दुपारी रिकामे. खाणे वाढले, पण अंग मात्र उतरत चालले. साडेसहा किलोंचा बोका पाच किलोंवर आला. पुढे तो मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागला, जणू पायांत जोरच उरला नव्हता.

आमच्या सासूबाईंना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. अंगणात मन्या जेथे लघवी करी तेथे मुंग्या जमतात, हे त्यांनी प्रथम पाहिले. "ह्याला माझाच रोग झाला," असे त्या सहज म्हणाल्या आणि त्यांचे निदान पशुवैद्यांच्या निदानाच्या आठ दिवस आधीचे ठरले. आपल्या आयुर्वेदाने या रोगाला मधुमेह, म्हणजे मधासारखे मूत्र, असे नाव दिले ते उगीच नव्हे.

मांजराला हा रोग का व्हावा? मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि पुढे स्वादुपिंडातून इन्सुलिन येणेही कमी पडते. लठ्ठपणा, घरात बसून राहणे, वाढते वय ही मोठी कारणे. खच्ची केलेल्या बोक्यांत तो अधिक दिसतो. स्टेरॉइडची औषधे फार दिवस चालली तरी तो उद्भवू शकतो.

यात एक विचित्र गोष्ट आहे. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची चव ओळखण्यासाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली अमेरिकेतील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे मोदक पुढे ठेवला तरी मन्या त्याला हुंगून निघून जाईल. मांजर हा जन्माने मांसाहारी प्राणी. पिष्टमय अन्नातून एकदम आलेली साखर उचलण्यासाठी माणसाच्या यकृतात ग्लुकोकायनेज नावाचे विकर असते, ते मांजराच्या यकृतात जवळजवळ काम करीत नाही. आपल्याकडे मांजराला भात आणि वर माशाचे कालवण घालण्याची पद्धत आहे. प्रेमाने घातलेला तो भात मधुमेही मांजराला मात्र सोसत नाही. डॉक्टरांनी मन्याचा भात पहिल्याच दिवशी बंद केला आणि मांस जास्त, पिष्ट कमी असे अन्न ठरवून दिले.

दवाखान्यातला आकडा आणि घरचा मन्या

इन्सुलिन सुरू झाले. एक युनिट सकाळी आठला, एक युनिट रात्री आठला. सुई टोचण्याचे काम आम्हाला दोन दिवसांत जमले, कारण मानेमागची कातडी सैल असते आणि इन्सुलिनची सुई केसासारखी बारीक. मांजराला ते कळतही नाही. अवघड प्रश्न वेगळाच होता. हे एक युनिट पुरे आहे की कमी, हे कशावरून ठरवायचे?

पंधरा दिवसांनी मन्याला टोपलीत घालून पुन्हा दवाखान्यात नेले. वाक्व्याहून निघाल्यापासून तो टोपलीत ओरडत होता. दवाखान्यात दोन कुत्रे बसले होते. टेबलावर ठेवताच त्याचे केस उभे राहिले, बुबुळे मोठी झाली. रक्त काढले तर साखर २१.४ मिलिमोल. निरोगी मांजराची साखर साधारण साडेचार ते साडेसहाच्या आसपास असते. २१.४ म्हणजे तिप्पट. असा आकडा पाहून कोणालाही वाटेल, औषध वाढवा.

डॉक्टरांनी मात्र दुसरे प्रश्न विचारले. पाणी किती पितो? पूर्वीपेक्षा कमी. वजन? पंधरा दिवसांत थोडे वाढलेले. चालणे? थोडे सुधारलेले. ते म्हणाले, "आकडा एक सांगतो आणि मांजर दुसरं सांगतं. मी आज डोस वाढवणार नाही. तुम्ही घरी रक्त तपासायला शिका."

यामागचे कारण असे. मांजर घाबरले की त्याच्या शरीरात अॅड्रेनलिनसारखे रस सुटतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. लढायला किंवा पळायला शक्ती हवी, म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. माणसातही हे घडते, पण मांजरात ते फार जोराने घडते. निरोगी मांजराची साखरही दवाखान्यात भीतीने दहा-पंधराच्या वर जाऊ शकते. म्हणून तेथला एकच आकडा धरून इन्सुलिन वाढवले, तर घरी परतून शांत झालेल्या मांजराला ते जास्त होण्याचा धोका असतो. जास्त इन्सुलिन म्हणजे साखर खाली घसरणे, झटके येणे, आणि वेळेवर लक्ष गेले नाही तर मृत्यू. तेव्हा घरी तपासणे ही हौस नव्हती. मन्याचा जीव त्यावर अवलंबून होता.

फ्रुक्टोसामीन नावाची एक रक्ततपासणी आहे. ती मागील दोन-तीन आठवड्यांची साधारण सरासरी दाखवते आणि त्या दिवसाच्या भीतीने बिघडत नाही. तिचा उपयोग आहेच. पण दिवसाच्या कोणत्या वेळी साखर किती खाली उतरते, हे ती सांगू शकत नाही. ते घरच्याच माणसाने पाहावे लागते.

आधी मांजराला शिकवावे, मग आपण शिकावे

मांजराच्या कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. त्या शिरेच्या आणि कानाच्या कडेच्या मधल्या पट्टीत टोचले की रक्ताचा लहानसा थेंब येतो. कानातून थेंब घेऊन हातातल्या लहान यंत्रावर साखर मोजण्याची ही रीत झ्युरिक विद्यापीठातील पशुवैद्यांनी तपासून २००० साली प्रसिद्ध केली आणि त्यानंतर जगभर अनेक घरांत ती पोहोचली. अलीकडच्या पट्टीला एक मायक्रोलिटरपेक्षाही कमी रक्त पुरते, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढे.

डॉक्टरांनी एकदा करून दाखवले. दवाखान्यात ते सोपे वाटले. घरी आल्यावर आम्ही ठरवले की पहिल्या दिवशी सुई हातात घ्यायचीच नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक सूत्र पाठ करून घेतात : ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे. वर्गात ते आम्ही रोज वापरतो. मांजराला ते का लागू पडू नये?

पहिला आठवडा फक्त जागेचा. स्वयंपाकघरातल्या एका स्टुलावर जुना टॉवेल अंथरला. सकाळी सातच्या सुमारास मन्याला तेथे बसवायचे, कान दोन बोटांत धरून चोळायचा, आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा द्यायचा. बस, एवढेच. तीन-चार दिवसांत सात वाजले की तो स्वतःच स्टुलाखाली येऊन बसू लागला.

दुसरा आठवडा उबेचा. वाक्व्याला जुलै-ऑगस्टमध्ये किती गारठा असतो हे वाचकांना ठाऊक आहे. गार कानातून रक्त येत नाही, कारण थंडीने बारीक शिरा आक्रसतात. यावर उपाय घरातलाच. एका स्वच्छ मोज्यात मूठभर कोरडे तांदूळ भरायचे, गाठ मारायची आणि थोडे गरम करायचे. तो मोजा आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा, चटका बसता कामा नये. मग कानाला अर्धा मिनिट धरावा. मन्याचा भात बंद झाला होता, पण तांदूळ असे पुन्हा कामी आले.

तिसरा आठवडा आवाजाचा. टोचण्याची कळ दाबली की 'टक्' असा आवाज होतो. मांजराच्या कानाजवळ तो आवाज तोफेसारखा. म्हणून सुई न लावता, आधी लांबून आणि मग जवळून, तो आवाज ऐकवला आणि प्रत्येक आवाजामागे कोंबडीचा तुकडा दिला. पुढे आम्ही ती कळ सोडून सुई नुसती हातात धरून टोचू लागलो. आवाज नाही आणि जागाही नीट दिसते. ज्याला जे जमेल ते त्याने करावे.

थेंब घेण्याची रीत

चौथ्या आठवड्यात प्रत्यक्ष काम सुरू झाले. क्रम असा.

पट्टी आधी यंत्रात घालून तयार ठेवावी, कारण थेंब आल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. कान उबदार करावा. कानाच्या बाहेरच्या कडेवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवावा, म्हणजे रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब होऊन राहते. स्पिरिट लावू नये. ते झोंबते, त्याचा वास मांजराला आवडत नाही, आणि ते थेंबात मिसळले तर आकडा बिघडतो. कानाच्या मागे कापसाची लहान घडी धरावी. तिने कानाला आधार मिळतो आणि सुई पार गेली तरी आपल्या बोटात शिरत नाही. शिरेवरच नव्हे, तर शीर आणि कड यांच्या मधोमध टोचावे. थेंब न आल्यास टोचल्या जागेच्या बाजूने बोटाने हळू दाबत आणावे. पट्टीचे टोक थेंबाला नुसते लावावे, पट्टी आपोआप रक्त ओढून घेते. मग कापूस अर्धा मिनिट दाबून धरावा, म्हणजे काळानिळा डाग पडत नाही. शेवटी बक्षीस. थेंब मिळाला नाही तरी बक्षीस द्यायचेच, कारण मांजराने आपले काम केलेले असते.

सुरुवातीला थोडी जाड सुई बरी. कान टोचून घ्यायला सरावला की बारीक सुईनेही रक्त येते. सुई दर वेळी नवी घ्यावी. दोनदा-तीनदा टोचूनही थेंब आला नाही तर थांबावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. आपला हात घाईत आहे हे मांजराला लगेच कळते.

यंत्राविषयी एक गोष्ट महत्त्वाची आहे. माणसाच्या रक्तात साखरेचा बराच वाटा तांबड्या पेशींच्या आत असतो. मांजराच्या रक्तात बहुतेक सारी साखर पेशींबाहेरच्या द्रवात असते. त्यामुळे माणसांसाठी बनवलेले यंत्र मांजराचा आकडा सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवते. जनावरांसाठी वेगळी यंत्रे मिळतात. आमच्या घरी सासूबाईंचे एक यंत्र पडून होते, म्हणून डॉक्टरांच्या संमतीने तेच वापरले. त्यांनी एकदा त्याच थेंबाचा आकडा आपल्या यंत्रावर ताडून पाहिला, किती फरक पडतो ते वहीत लिहून दिले, आणि बजावले की यंत्र मध्येच बदलायचे नाही.

मिळालेला पहिला घरचा आकडा होता १२.६. दवाखान्यातल्या २१.४ पेक्षा किती वेगळा! यंत्राचा फरक जमेस धरला तरी दोन आकड्यांत मोठे अंतर उरत होते. ते अंतर टोपलीचे, मोटारीचे आणि त्या दोन कुत्र्यांचे होते.

बारा तासांचा आलेख

एका आकड्याने सारे कळत नाही. इन्सुलिन टोचल्यावर साखर हळूहळू उतरते, तळाला जाते आणि पुन्हा चढते. तो तळ किती खोल आहे, यावर डोस ठरतो. म्हणून एका रविवारी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही दर दोन तासांनी तपासले. आमचे यजमान मन्याला धरीत, आम्ही टोचत असू आणि आमची कन्या आलेखाच्या कागदावर टिंबे मांडी. तिच्या शाळेतल्या गणिताला त्या दिवशी प्रथमच घरात मागणी आली.

सकाळी आठला, इन्सुलिन देण्यापूर्वी, १३.८. दहाला १०.९. बाराला ७.६. दुपारी दोनला ५.३. चारला ६.४. सहाला ९.७. रात्री आठला १३.१.

टिंबे जोडली तर एक उथळ वाटी तयार झाली. वाटीचा तळ दुपारी दोनला. वाचकहो, या तळाकडे पाहा. एका युनिटावर साखर ५.३ पर्यंत उतरत होती. दवाखान्यातल्या आकड्यावर भरवसा ठेवून युनिटे दोन केली असती, तर हाच तळ कोठे गेला असता? आम्ही दोघेही शाळेत, कन्या शाळेत, सासूबाई दुपारच्या झोपेत आणि मन्या व्हरांड्यात एकटा. डॉक्टरांनी आलेख पाहिला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "एक युनिटच चालू ठेवा."

डोस ठरवण्याचे काम मात्र नेहमी डॉक्टरांचेच. त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर मन्यासाठी एक नियम लिहून दिला : सकाळचा आकडा दहाच्या खाली आला तर सुई द्यायची नाही, फोन करायचा. दुसऱ्या मांजरासाठी हा आकडा वेगळा असू शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका सकाळी आकडा ६.२ आला. मन्या स्टुलावर बसून मजेत कोंबडी चघळत होता. डोळ्यांनी पाहून काहीच कळले नसते. आम्ही सुई दिली नाही, फोन केला, आणि त्या दिवसापासून डोस अर्ध्या युनिटावर आला.

साखर फार खाली गेली, म्हणजे साडेतीनच्याही खाली, तर मांजर मलूल होते, झोकांड्या खाते, थरथरते, कधी उगाच ओरडते, आणि पुढे झटके येतात. अशा वेळी खाता येत असेल तर लगेच खायला द्यावे. खाता येत नसेल तर मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळावा आणि तडक डॉक्टरांना गाठावे. झटका आलेल्या मांजराच्या तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाईल, आणि बोट दातांमध्ये घालू नये. आमच्या स्वयंपाकघरात त्या स्टुलाजवळ मधाची लहान बाटली कायम ठेवलेली आहे. ती अजून उघडावी लागलेली नाही.

पिचकारीचीही काळजी घ्यावी. जनावरांच्या काही इन्सुलिनांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असतात, माणसांच्या नेहमीच्या इन्सुलिनात १००. दोहोंच्या पिचकाऱ्या वेगळ्या असतात. शंभराच्या बाटलीला चाळीसची पिचकारी लावली तर अडीचपट औषध जाते. बाटलीवरचा आणि पिचकारीवरचा आकडा एकच आहे ना, हे दर नव्या खरेदीला पाहावे.

वादळाच्या दिवशी

१५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळ आले तो दिवस आपण कोणी विसरणार नाही. पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या. आमच्याकडे वीज गेली. इन्सुलिन थंड राहिले पाहिजे, पण गोठता कामा नये, गोठले की ते निकामी होते. म्हणून बाटली फडक्यात गुंडाळून, बर्फाला थेट लागू न देता, थर्मासमध्ये ठेवली. त्या सकाळी मन्या कपाटाखाली दडून बसला होता. वाऱ्याच्या घोंघावण्याने त्याचे कान मागे पडले होते. मेणबत्तीच्या उजेडात आकडा घेतला : १७.९.

घर तेच, हात तेच, स्टूल तेच. पण भीती घरात शिरली होती. आम्ही डोस वाढवला नाही, वहीत आकड्यापुढे फक्त 'वादळ' असे लिहिले. दोन दिवसांनी तो पुन्हा अकरावर आला. म्हणून घरच्या वहीत आकड्याबरोबर दोन शब्दही लिहावेत : काय खाल्ले, काय घडले. नुसत्या आकड्यांची वही अर्धीच असते.

सासूबाईंची दुसरी वही

माणसाच्या मधुमेहाची आणि जनावरांची सोयरीक जुनी आहे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले ते कुत्र्यांवरील प्रयोगांतून. पुढे साठ वर्षे माणसांचे इन्सुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडांतून निघत असे. मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेऊन बाजारात आले ते १९८२ साली. मांजराचे आणि गायीचे इन्सुलिन जुळवून पाहिले, तर एक्कावन्न दुव्यांच्या साखळीत फक्त एका दुव्याचा फरक आहे.

घरी साखर मोजण्याची गोष्टही फार जुनी नाही. रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या एका अमेरिकन अभियंत्याला लहानपणापासून मधुमेह होता. १९६९च्या सुमारास साखर मोजण्याचे पहिले यंत्र निघाले, पण ते फक्त डॉक्टरांना आणि इस्पितळांना विकत मिळे. त्यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावाने ते मागवून त्यांनी दिवसातून अनेक वेळा स्वतःचे रक्त तपासायला सुरुवात केली. रोग्याने स्वतः मोजावे ही कल्पना तेव्हा अनेक डॉक्टरांना पटत नव्हती. पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी ते स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर झाले. आज जे यंत्र औषधांच्या दुकानात सहज मिळते, त्यामागे असा हट्ट आहे.

आमच्या सासूबाईंचे यंत्र मात्र कपाटात पडून होते. दर तीन महिन्यांनी त्या सरकारी दवाखान्यात उपाशीपोटी रक्त देऊन येत. जाण्याच्या आठ दिवस आधी चहातली साखर बंद, गातो बंद, दालपुरी बंद. आकडा बरा येई. मग परतताना बाजारातून काहीतरी गोड घेऊन येत. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी मात्र दर वेळी वेगळेच सांगे आणि त्या म्हणत, "त्यांचं यंत्र बिघडलंय."

मन्याची तपासणी त्या रोज स्टुलाजवळच्या खुर्चीवर बसून पाहत. एका सकाळी म्हणाल्या, "ह्या मुक्या जनावराला लबाडी येत नाही गो. लबाडी माझीच." आणि त्यांनी बोट पुढे केले.

तेव्हा ध्यानात आले की मन्याचे आणि त्यांचे उलटसुलट आहे. मांजर भीतीमुळे दवाखान्यात आपली साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. माणूस आठ दिवसांच्या पथ्याने ती खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. दोघांचाही खरा आकडा घरीच असतो, रोजच्या वेळी, रोजच्या जेवणाच्या आधी.

आता स्टुलाजवळ दोन वह्या आहेत आणि यंत्रेही दोन, कारण सासूबाईंनी आपल्यासाठी नवे आणवले. सुया अर्थातच वेगळ्या आणि प्रत्येक वेळी नव्या. त्यांच्या डॉक्टरांनी ती वही पाहून गोळ्यांची वेळ बदलली. गातो पूर्ण सुटलेले नाही, पण ते खाल्ल्यावर आकडा किती होतो हे आता त्या स्वतः सांगतात.

ज्यांना हे शिकायचे आहे त्यांच्यासाठी

गेल्या काही वर्षांत नवी साधनेही आली आहेत. माणसांसाठी निघालेले, अंगाला चिकटवून ठेवायचे साखरमापक बिल्ले काही पशुवैद्य मांजरांनाही लावतात, म्हणजे काही दिवस टोचावे लागत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी आणि २०२३ साली व्हेलाग्लिफ्लोझिन हे तोंडाने देण्याचे द्रव औषध मांजरांसाठी मंजूर झाले. ती प्रत्येक मांजराला चालत नाहीत. त्यांवर असताना साखर ठीक दिसूनही रक्तात घातक आम्ले वाढू शकतात, म्हणून डॉक्टरांची देखरेख अधिकच लागते. माणसाचे कोणतेही औषध आपल्या मनाने मांजराला देऊ नये.

लवकर निदान झाले, आहार बदलला आणि साखर नीट आवरली, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटतेही. मन्याचे सुटलेले नाही. तो अर्ध्या युनिटावर आहे, वजन साडेपाच किलोंवर स्थिर आहे, टाचा पुन्हा उचलल्या गेल्या आहेत आणि तो कुंपणाच्या भिंतीवर चढू लागला आहे.

तेव्हा तुमचे मांजर फार पाणी पीत असेल, खाऊनही वाळत असेल, किंवा त्याच्या लघवीवर मुंग्या येत असतील, तर पशुवैद्याकडे न्या. मधुमेह निघाला तर घाबरू नका, आणि घरी तपासायला शिकवा असे डॉक्टरांना स्वतःहून म्हणा. महिनाभर लागेल. पहिला आठवडा फक्त कान चोळण्यात घालवा. वही आजच विकत घ्या, आणि तिच्या पहिल्या पानावर डॉक्टरांचा फोन नंबर आणि सुई कधी द्यायची नाही तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. घरातल्या सर्वांना तो वाचता आला पाहिजे.